वाचकांचे प्रश्न : जुनी सोय बंद कशी करावी?

प्रश्न : नागपुरात आमची लहान सॉफ्टवेअर कंपनी असून इतवारी आणि कळमन्यातील व्यापाऱ्यांना आम्ही गेली अनेक वर्षे हिशेबाचे सॉफ्टवेअर पुरवतो. त्यात व्हॅटची विवरणपत्रे, युनिकोड (सर्व लिपींसाठीची समान संगणकीय अक्षर-संकेतप्रणाली) येण्यापूर्वीच्या मराठी फाँटमधील बिले अशा कितीतरी जुन्या सोयी साचल्या आहेत. प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी त्या तपासण्यातच पुष्कळ श्रम खर्च होतात. त्या काढायच्या म्हटले, तर जुने ग्राहक हरकत घेतात. काय करावे?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपण ‘सोय बंद करणे’ ही एकच कृती मानली आहे, असे दिसते. माझ्या मते त्या दोन निरनिराळ्या कृती आहेत. जुन्या पद्धतीने नवी नोंद करणे आधी थांबवावे. जुनी नोंद वाचता येणे मात्र त्यानंतरही दीर्घकाळ चालू ठेवावे. ग्राहकाची हरकत बहुधा या दुसऱ्या गोष्टीसाठी असते, आणि ती रास्त असते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून आपल्या धान्य-किराणा व्यापाऱ्याला व्हॅटचे नवे विवरणपत्र भरावे लागत नाही, तेव्हा ते तयार करणारा भाग काढायला हरकत नाही. पण जुन्या वर्षांचे कागद पाहण्याची व छापण्याची सोय राहिली पाहिजे. जीएसटीच्या नोंदीसुद्धा वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, आणि अपील चालू असल्यास त्याहूनही अधिक काळ जपाव्या लागतात, हे पुढची आखणी करताना ध्यानात घ्यावे.

फाँटचे काम अधिक नाजूक आहे. अशा बहुतेक जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असल्याने, फाँट काढताच ग्राहकांची नावे निरर्थक रोमन अक्षरे होऊन दिसतात. रूपांतर करताना अक्षरास अक्षर बदलून भागत नाही : ‘किराणा’ या शब्दातील पहिली वेलांटी जुन्या साठवणीत ‘क’च्या आधी असते आणि युनिकोडमध्ये नंतर, ‘वर्मा’मधील रफार तेथे ‘म’च्या नंतर येतो, तर युनिकोडमध्ये ‘र’ आधी लिहावा लागतो. म्हणून प्रत्येक फाँटसाठी वेगळे कोष्टक करावे, मूळ नोंद जशीच्या तशी राखून रूपांतरित नोंद तिच्या शेजारी ठेवावी, आणि यादी दुकानातील मुनीमजींकडून तपासून घ्यावी. हे झाल्याशिवाय बंद करण्याची तारीख जाहीरच करू नये.

तारीख जाहीर केल्यावर मात्र ती पाळावी. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील ‘थ्रेड.स्टॉप’ ही (चालू काम मध्येच थांबवणारी) आज्ञा वापरू नये, असे १९९८ मध्येच सांगितले गेले होते. परंतु ते कधी काढले जाणार हे न सांगितल्यामुळे ती सूचना वर्षानुवर्षे नुसतीच राहिली. अखेर २०१७ च्या जावा ९ मध्ये ‘खरोखर काढले जाणार’ अशी वेगळी खूण करण्याची व्यवस्था आली. पायथन या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीचा, म्हणजे पायथन २ चा, आधार (दुरुस्त्या पुरवणे) आधी २०१५ मध्ये संपणार होता, तो १ जानेवारी २०२० पर्यंत लांबला. पायथन ३ तर २००८ मध्येच आले होते. पण एकच कोड दोन्हींवर चालवणे सुरुवातीला अवघड असल्याने लोक जागचे हलले नाहीत. २०१२ च्या ३.३ आवृत्तीने मजकुराआधी ‘यू’ लिहून तो युनिकोड असल्याचे दाखवण्याची पायथन २ मधील जुनी पद्धत पुन्हा स्वीकारली, तेव्हा ती वाट बरीच सुकर झाली. जुने आणि नवे काही काळ शेजारी चालू द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

सूचना माहितीपत्रकात देऊन भागणार नाही. बिल करणारा माणूस ज्या पडद्यावर ती सोय वापरतो, तेथेच ती दिसली पाहिजे, आणि तिच्यात तारखेबरोबर पर्यायी मार्गही लिहिलेला असावा. नव्या ग्राहकांना ती सोय आजपासूनच देऊ नये.

प्रश्न : काढलेला कोड पुढे लागेल म्हणून कॉमेंट करून (म्हणजे न चालणारी टीप बनवून) फाइलमध्येच ठेवावा का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ठेवू नये. गिटसारख्या, कोडमधील प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या व्यवस्थेत तो इतिहासात राहतोच. ती सोय असलेल्या शेवटच्या आवृत्तीला टॅग (ओळखीचे नाव) द्यावा आणि काढण्याचे कारण कमिटच्या (बदलाच्या नोंदीच्या) संदेशात सविस्तर लिहावे.