कुरळे केस आणि एक जुना शब्द

प्रश्न : माझ्या १७ वर्षांच्या मुलाचे केस जन्मतःच दाट कुरळे आहेत. आफ्रिकन-अमेरिकन संगीताची गोडी लागल्यापासून त्याने ते कापणे सोडले असून आता ते डोक्याभोवती गोल उभे राहतात. घरातील वडीलधारी मंडळी त्याला ‘खाप्री’ म्हणतात. मला त्याची बाजू घ्यावीशी वाटते. पण हे नुसते अनुकरण तर नव्हे ना?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी त्या शब्दाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. मूळ अरबी ‘काफिर’ पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे ‘खाप्री’ होऊन आला आणि मोझांबिकहून आणून गोव्यात विकलेल्या गुलामांना चिकटला. त्यांच्यातील काही जण पळून घाटापलीकडे गेले. कर्नाटकातील यल्लापूर, हल्याळच्या रानांत राहणाऱ्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दींमध्ये त्यांचे वंशज आहेत. ते घरात कोकणी बोलतात आणि सणाला दमाम हा ढोल वाजवतात. ज्या केसांना आपण परके म्हणून हिणवतो, ते केस मिरवणारी माणसे आपल्या शेजारी आपलीच भाषा बोलत आहेत, हे घरच्यांना अवश्य सांगा.

अमेरिकेत या केसांनी फार सोसले. १७८६ मध्ये लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस फडक्याखाली झाकावेत, असा हुकूम काढला. त्यांनी ती फडकीच अशी रंगीत आणि देखणी बांधली की हुकमाचा हेतू फसला. पुढे विसाव्या शतकात पुरुषसुद्धा टाळू भाजेल अशा कॉस्टिक द्रव्याने केस सरळ करून घेत. १९६० च्या दशकातील ‘अ‍ॅफ्रो’, म्हणजे तुमच्या मुलासारखे डोक्याभोवती गोल उभे राहू दिलेले केस, हा या भाजून घेण्याला दिलेला नकार होता. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अँजेला डेव्हिस यांचे अ‍ॅफ्रोतील छायाचित्र जगभर गेले, आणि कृष्णवर्णीय असण्याच्या अभिमानाचे गाणे गाणाऱ्या जेम्स ब्राउन यांनीही १९६८ च्या सुमारास आपले सरळ केलेले केस सोडून दिले.

अनुकरणाची शंका मला पटत नाही, कारण केस त्याचेच आहेत. शिवाय या संगीताशी आपले नाते जुने आहे : गोव्यातील हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’, मुंबईत आफ्रिकन-अमेरिकन जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगच्या धाटणीने ट्रम्पेट वाजवून नावारूपाला आले. मात्र उद्या त्याने जटा ठेवायचे ठरवले, तर जमैकातील रास्ताफारी पंथीयांसाठी त्या धर्माचरणाचा भाग आहेत, हे त्याला आधी ठाऊक असावे.

केसांच्या वेटोळ्यांमुळे टाळूचे तेल टोकापर्यंत उतरत नाही आणि केस कोरडे पडून तुटतात. म्हणून ते ओले असतानाच, रुंद दातांच्या फणीने, टोकांकडून मुळांकडे जात सोडवावेत आणि टोकांना थोडे खोबरेल लावावे. ते काम सुरुवातीचे काही दिवस तुम्ही स्वतः करून द्या. तेवढ्या वेळात त्या शब्दाची हकीकतही त्याला सांगून होईल.