स्कॉटलंडमध्ये जंगल वाढतंय, मग कॅपरकेली का कमी होतोय? आणि हा आपल्या रानकोंबड्यासारखाच पक्षी आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी उरकते. रानकोंबड्याचा सख्खा नाही, लांबचा चुलतभाऊ म्हणा फार तर. कुळ एकच, पण हा ग्राउज, म्हणजे उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या कोंबडीसारख्या रानपक्ष्यांपैकी, आणि ग्राउज भारतात एकही नाही. आपल्या माळावर सँडग्राउज म्हणजे पखुर्डी दिसते ना, ती नावापुरती ग्राउज, तिचं खानदानच वेगळं. कॅपरकेली हा जगातल्या ग्राउजमध्ये सगळ्यात मोठा, नर चार-पाच किलोचा आणि मादी जेमतेम त्याच्या निम्मी. नर काळपट राखाडी, छातीवर हिरवी चकाकी, डोळ्यावर लाल भुवई, चोच पिवळट आणि बाकदार. मादी तपकिरी, जमिनीवर अंडी उबवत बसली की दोन हातांवरून जा, दिसणार नाही. नाव गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतलं, 'रानातला घोडा' अशा अर्थाचं.

आता जंगलाचं. मी ॲबर्डीनला राहते, सात वर्षं झाली, आणि पहिली दोन वर्षं मलाही वाटायचं की एवढी हिरवीगार झाडी आहे, अजून काय पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये पाचेक टक्के जमिनीवर झाडं होती, आता एकोणीसच्या आसपास. पण त्यातली खूपशी झाडी म्हणजे सिटका स्प्रूसची लागवड, उत्तर अमेरिकेतनं आणलेलं झाड, लाकडासाठी दाटीवाटीनं लावलेलं, आत गेलात तर भर दुपारी अंधार आणि खाली नुसत्या सुकलेल्या सुया, गवताची काडी नाही. कॅपरकेलीला पाहिजे जुनं, मोकळं पाइनचं रान, जिथं ऊन जमिनीपर्यंत पोचतं आणि खाली ब्लेबेरीचं झुडूप माजतं. गुडघ्याएवढं असतं ते, फळं खाल्ली की जीभ जांभळं खाल्ल्यासारखी होते. सगळा खेळ त्या झुडपाचा आहे हो. पिल्लांना पहिले काही आठवडे किडे लागतात, मुख्यतः ब्लेबेरीवरच्या अळ्या, आणि लपायलाही तेच झुडूप. जून पावसाळी गेला की पिल्लं भिजतात, त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नसतं, मग आईच्या पंखाखाली बसायचं की खायला जायचं, दोन्हीकडून मरण.

मोठ्यांचं उलट, हिवाळ्यात ते जवळजवळ फक्त पाइनच्या सुया खाऊन जगतात. चिकाळ, राळेच्या वासाच्या त्या सुया कोण खाणार! पण यांच्या आतड्याला दोन लांब पिशव्या असतात, त्यातले जिवाणू त्या आंबवतात, आणि दळायला पोटात खडे, म्हणून सकाळी रस्त्याकडेला खडे टिपायला येतात. थंडीत पायाच्या बोटांना कंगव्यासारखे दाते फुटतात, बर्फावर चालायला, आणि उन्हाळा आला की गळून पडतात. ॲबरनेथीच्या जंगलात एकानं मला एका पाइनखाली पडलेली विष्ठा दाखवली, थेट जाड भावनगरी शेव! काडीनं मोडली तर आत नुसता सुयांचा भुसा. त्या दिवसानंतर भावनगरी खाताना जरा विचार येतोच.

मार्च ते मेमध्ये पहाटे नर एका ठरलेल्या जागी जमून शेपटीचा पंखा करून गातात, त्या जागेला लेक म्हणतात (आपली लेक नव्हे). गाणं म्हणजे आधी काठीवर काठी आपटल्यासारखं टक... टक..., मग टकटकटक, मग बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज, आणि शेवटी सुरीला धार लावल्यासारखं खसखस. त्या शेवटच्या दोनतीन सेकंदांत त्याला स्वतःला जवळपास ऐकूच येत नाही, जुने शिकारी तेवढ्यात दोन पावलं पुढं सरकायचे आणि गाणं थांबलं की पुतळा.

शिकार आणि जंगलतोडीनं तो इथून एकदा संपलाय, 1785 च्या सुमाराला. मग 1837 मध्ये स्वीडनहून पक्षी आणून सोडले, आजचे सगळे त्यांचेच वंशज. 1970 च्या दशकात वीसेक हजार होते, 2021-22 च्या गणनेत अंदाज निघाला 542, आणि बहुतेक सगळे केर्नगॉर्म्स या इथल्या डोंगराळ भागाच्या परिसरात. हरणं इतकी वाढली की ब्लेबेरी खाऊन टाकतात, म्हणून हरणांसाठी तारेचं कुंपण घातलं, तर पहाटेच्या अंधुक उजेडात जोरात उडणारा हा जड पक्षी त्याच तारेवर आपटून मरायला लागला. आपल्या माळढोकचं विजेच्या तारांशी जे चाललंय तेच. आता कुठं तारेला लाकडी पट्ट्या बांधतात, कुठं कुंपणच काढतात. कोल्हे, कावळे अंडी पळवतात. शिवाय पाइन मार्टन, मुंगसासारखा झाडावर चढणारा प्राणी, तोही कायद्यानं संरक्षित, आता याला वाचवायचं तर त्याचं काय करायचं यावर इथं लोक हमरीतुमरीवर येतात. आणि आपण माणसं. पायवाटेच्या आजूबाजूचं चांगलं रानही पक्षी टाळतात, कुत्रा मोकळा सोडला की बसलेली मादी उठलीच.

म्हणून एप्रिलमध्ये इथं येऊन लेक शोधत फिरू नका, तिथं त्यांना त्रास देणं गुन्हा आहे. बघायचाच हट्ट असेल तर फिनलंड-स्वीडनला जा, तिकडं भरपूर आहेत, जगाच्या हिशोबात हा पक्षी धोक्यात नाहीच.

मला सात वर्षांत एकदाच दिसला, तीही मादी. ऑक्टोबर, सकाळचे साडेसात, अरुंद रस्ता, गाडीपुढं वीस फुटांवर खडे टिपत होती. मी इंजिन बंद केलं. छातीवरचा तांबूस पट्टा अगदी स्वच्छ दिसत होता. मागून दुसरी गाडी आली, तीही गुपचूप थांबली, चारपाच मिनिटं आम्ही दोघं तसेच, मग ती चालत चालत ब्लेबेरीत शिरली आणि जिथं शिरली तिथंच मी बघत होते तरी परत दिसली नाही.