वाचकांचे प्रश्न : उभे पट्टे, ढिला पट्टा आणि कूलरची हवा

प्रश्न : डीबी स्पेक्ट्रम प्लस हा ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक भंगारातून मिळाला, सोबत अडॅप्टर नव्हता. राऊटरचा ९ व्होल्टचा लावणार होतो, पण मित्राने हात धरला. मग दुसऱ्याकडून स्पेक्ट्रमचाच अडॅप्टर आणला, तर टीव्हीवर नुसते उभे पट्टे. एका जाणकाराने टीआर४ ट्रान्झिस्टर बदलायला सांगितलं. बदलला, दोन मिनिटांत तोही गेला. आता काय करू?
– वाचक, मानेवाडा

उत्तर : आधी त्या मित्राला चहा पाजा. राऊटरच्या बहुतेक अडॅप्टरांना पिनच्या मधोमध धन असतो, स्पेक्ट्रमला मात्र मधोमध ऋण लागतो. पिन बसते अगदी बरोबर, आणि तिथेच घात होतो. ९ व्होल्ट, किमान १.४ अँपिअर, मध्यभाग ऋण, हे तिन्ही मीटरवर पाहिल्याशिवाय काहीही जोडू नका.

आता टीआर४. हा बोर्डाला १२ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्ट तयार करून देणाऱ्या छोट्या सर्किटातला झेडटीएक्स६५०. खालच्या १६के मेमरीच्या आठ ४११६ चिपांना तीन व्होल्टेज लागतात : १ नंबरच्या पायावर उणे ५, ८ वर १२, ९ वर ५, आणि १६ वर ग्राउंड. १२ चालू असताना उणे ५ गेला की ४११६ मरते, आणि मरताना बऱ्याचदा आतून शॉर्ट होते. तो शॉर्ट टीआर४ ला ओढतो. म्हणजे ट्रान्झिस्टर गेला हे खरं, पण त्याला नेणारी चिप अजून बोर्डावर बसलेली आहे. तुमचा दुसरा टीआर४ तिनेच नेला असणार. तिसरा लावायची घाई नको.

अडॅप्टर काढा. मीटर ओहमवर ठेवून कुठल्याही एका ४११६ चे ८ आणि १६, मग १ आणि १६ हे पाय तपासा. आठही चिपा समांतर जोडलेल्या असल्याने एकीवर जे दिसेल तेच सगळ्यांवर दिसतं. पाच-दहा ओहम आले तर शॉर्ट आहे. तो कुठल्या चिपेत आहे हे कळायला एकेक चिप काढावी लागते. पाय कापून चिप उचला, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढा. अख्खी चिप वाचवायच्या नादात बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उखडला तर दुखणं दुप्पट होतं. रिकाम्या जागी १६ पायांचं सॉकेट लावा. शॉर्ट गेल्याचं मीटरने सांगितलं की मगच टीआर४ बसवा, सोबत टीआर५ ही तपासून घ्या. चालू करून लगेच मोजा : १२ च्या जागी १०.८ ते १३.२, उणे ५ च्या जागी उणे ४.५ ते उणे ५.५. यात बसलं नाही तर दहा सेकंदांत बंद.

पडद्यावर १९८२ चा कॉपीराइट संदेश आला म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. हे टाइप करा (पीक म्हणजे मेमरीतल्या त्या जागेचा आकडा वाच) : प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर मशीनला पूर्ण ४८के मेमरी दिसते आहे; ३२७६७ आलं तर वरचा ३२के भाग दिसतच नाही. पण ६५५३५ वरही डोळे झाकून विश्वास नको. रॉममधली (मशीनच्या कायमच्या प्रोग्राममधली) चाचणी प्रत्येक जागी २ लिहिते आणि दोनदा एकेक वजा करून शून्य येतो का पाहते. वरच्या बिटांपैकी एखादा कायम शून्यावर अडकलेला असेल तर ही चाचणी त्याला बिनदिक्कत पास करते. म्हणून पोक ४००००,२५५ करून, म्हणजे ४०००० या जागी २५५ लिहून, प्रिंट पीक ४०००० पाहा. २५१ आलं तर ४ कमी पडले, म्हणजे डी२ हा बिट मेला. एका चिपेत एकच बिट असतो, तेव्हा सर्किट डायग्रामवर डी२ जिथे जातो तीच चिप बदलायची, बाकी सात तशाच राहू द्या. मग ० लिहूनही एकदा पाहा, म्हणजे १ वर अडकलेला बिटही सापडेल.

जाता जाता : नागपूरच्या मे महिन्यात ७८०५ रेग्युलेटरकडे लक्ष ठेवा. ९ व्होल्ट आत, ५ बाहेर, प्रवाह पाऊण अँपिअर धरला तर ३ वॅट नुसती उष्णता. जुने ट्रान्सफॉर्मरवाले अडॅप्टर भाराखाली ९ पेक्षा जास्तच देतात, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी. खोली ४२ अंशांवर असेल तर दुपारी मशीन न लावलेलं बरं. ७८०५ च्या जागी त्याच तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर बसतो आणि जेमतेम कोमट होतो.

प्रश्न : त्याच जातीच्या मशीनवर १, ०, क्यू, पी, ए, एंटर, स्पेस आणि कॅप्स शिफ्ट एवढ्याच कळा बंद आहेत. डिलीट आणि बाणही चालत नाहीत. कीबोर्ड फेकायचा का?
– वाचक, सक्करदरा

उत्तर : मुळीच नाही. तुमच्या यादीतच निदान आहे. कीबोर्डमधून दोन पट्ट्या निघतात, एक आठ तारांची, एक पाच तारांची. आठपैकी प्रत्येक तार अर्ध्या ओळीची, म्हणजे पाच कळांची. पाचपैकी प्रत्येक तार आठ कळांची. तुम्ही लिहिलेल्या आठ कळा एकाच तारेवर आहेत. डिलीट आणि बाण आतून कॅप्स शिफ्टच दाबतात, म्हणून तेही गेले. तेव्हा पाच तारांच्या पट्टीतली एक तार तुटली आहे, बहुधा कनेक्टरच्या तोंडाशी, जिथे पट्टी वाकते. लांबी पुरत असेल तर टोकाचे ३ मिलिमीटर सरळ कापा आणि पुन्हा खोचा. पट्टीवर सोल्डरचा डाग देऊ नका, प्लास्टिक वितळतं. चांदीच्या शाईचं ठिगळ दोन महिने टिकतं, मग पुन्हा तडकतं. पट्टी ठिसूळ झाली असेल तर नवा मेंब्रेन (कळांखालचा प्लास्टिकचा थर, पट्ट्यांसकट) घ्या, तो अजूनही तयार होतो.

याउलट फक्त १ ते ५ बंद असते तर आठ तारांची पट्टी आणि त्या तारेवरचा डायोड, दोन्ही पाहावे लागले असते.

प्रश्न : वडिलांनी १९८९-९० च्या सुमारास स्पेक्ट्रमवर लिहिलेले प्रोग्राम कॅसेटवर आहेत. टेपरेकॉर्डरवरून लोड करताना प्रोग्रामचं नाव दिसतं आणि मग ‘आर टेप लोडिंग एरर’. कॅसेट बाद झाली का?
– वाचक, धरमपेठ

उत्तर : नाव दिसलं याचा अर्थ हेडरचा, म्हणजे प्रोग्रामची ओळख सांगणारा, पहिला ठोकळा नीट वाचला गेला. त्यात फक्त १७ बाइट माहिती असते. पुढच्या हजारो बाइटांत एक जरी चुकला तरी शेवटचा पडताळणीचा बाइट जुळत नाही आणि मशीन सगळंच नाकारतं. त्यामुळे कॅसेट बाद ठरवायची घाई नको.

सगळ्यात आधी कॅसेट पाहा. विदर्भातल्या पावसाळ्यांत कपाटात पडलेल्या कॅसेटीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी धरते. ती दिसली तर वाजवू नका, हेड आणि फीत दोन्ही खराब होतील. कवच उघडून फीत हलक्या हाताने कोरड्या मऊ कापडातून ओढून दुसऱ्या कवचात घ्या. फितीमागची फेल्टची गादी निघाली असेल तर ती नव्याने चिकटवा. फीत हेडला टेकली नाही तर आवाज येतो, पण पोकळ. बुरशी नसेल तर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून गुंडाळी मोकळी करा.

मग टेपरेकॉर्डर. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्यानंतर वेग तपासा, आणि यासाठी कॅसेटच तुमची मोजपट्टी आहे. प्रत्येक ठोकळ्याआधी जो सलग सूर लागतो, हेडरआधी सुमारे ५ सेकंद आणि मजकुराआधी २, तो स्पेक्ट्रमच्या घड्याळातून येतो आणि त्याची वारंवारता ८०७ हर्ट्झ असते. लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये रेकॉर्ड करून मोजा. ८०० च्या आसपास असेल तर वेग ठीक. ७३०-७४० दिसलं तर आतला रबरी पट्टा ढिला झाला आहे, आणि त्यातही आकडा सतत डुलत असेल तर नक्कीच. लोडर थोडाफार फरक सांभाळून घेतो, पण डुलणारा वेग त्याला झेपत नाही.

वेग बरोबर असूनही चूक येत असेल तर हेडचा कोन. स्पेक्ट्रम १ हा अंक सुमारे १ किलोहर्ट्झच्या एका लहरीने लिहितो आणि ० सुमारे २ किलोहर्ट्झच्या. हेड जरा तिरकं झालं की आधी वरचे सूर मरतात, म्हणजे शून्यं मरतात. प्ले दाबल्यावर हेडशेजारी जे छोटं छिद्र दिसतं त्यातून बारीक स्क्रूड्रायव्हर घाला आणि मजकुराचा कर्कश आवाज जास्तीत जास्त टोकदार होईपर्यंत स्क्रू पाव फेरीच्या आत हळूहळू फिरवा. वडिलांच्या रेकॉर्डरचं हेड जसं होतं तसं आज तुमचं करायचं आहे, म्हणून इथे ‘बरोबर’ कोन तो, ज्यावर ही कॅसेट वाचली जाते. दुसऱ्या कॅसेटीला कदाचित पुन्हा फिरवावा लागेल.

जमलं की लगेच लॅपटॉपवर ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह फाइल करून ठेवा. एमपी३ नको, ते लहरींच्या टोकदार कडा गोल करतं. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमधली नॉइज कमी करणारी आणि आवाज आपोआप सावरणारी सोय बंद करा. पुढे मोबाइलवरून लोड करताना इक्वलायझर बंद, आवाज जवळजवळ पूर्ण. पडद्याच्या कडेच्या चौकटीवर, म्हणजे बॉर्डरवर, लाल-निळसर जाड पट्टे स्थिर दिसले की सूर पकडला. मग निळे-पिवळे बारीक पट्टे म्हणजे मजकूर चालू. लाल-निळसर पट्टे येऊन-जाऊन असतील तर आवाज कमी पडतोय.

प्रश्न : स्पेक्ट्रमवर मशीन कोड शिकतोय. ६२, २, २११, २५४, २०१ हे पाच बाइट ४०००० वर पोक करून रँडमाइज यूएसआर ४०००० (तिथला कोड चालव) दिलं. बॉर्डर लाल होते, पण पुढची कळ दाबली की परत पांढरी. कुठे चुकलं?
– वाचक, प्रतापनगर

उत्तर : कुठेच नाही. तुम्ही बॉर्डरचा रंग २५४ नंबरच्या पोर्टवर पाठवला, पण स्पीकरही त्याच पोर्टवर आहे. कळ दाबल्यावर जी बारीक ‘टिक’ वाजते तिच्यासाठी रॉम पोर्टवर लिहितो, आणि त्या वेळी बॉर्डरचा रंग २३६२४ या जागेतून घेतो. तिथे अजून पांढराच आहे. तेव्हा तिथेही लिहा : ६२, २, २११, २५४, ६२, २३, ५०, ७२, ९२, २०१. यातले ५०, ७२, ९२ म्हणजे ‘ए’ मधला आकडा २३६२४ वर ठेव (७२ + ९२ × २५६). २ ऐवजी २३ का? तिथे रंग आठपट करून ठेवतात, म्हणून १६, आणि खालच्या दोन ओळींची शाई पांढरी व्हावी म्हणून ७. सुरुवातीला क्लिअर ३९९९९ द्यायला विसरू नका, म्हणजे ४०००० पासूनची जागा बेसिक वापरणार नाही. ४०००० ही जागा निवडलीत ते बरं केलं. ३२७६८ च्या खाली पडदा रंगवणारी यूएलए चिप मेमरीसाठी झेड८० प्रोसेसरला थांबवते, आणि पुढे आवाजाचे प्रयोग कराल तेव्हा सूर घोगरे येतील.

प्रश्न : एका शाळेच्या अडगळीतून बीबीसी मायक्रो हा तसाच जुना संगणक मिळाला. पंधरा-वीस वर्षं बंद असावा. थेट चालू करावा का?
– वाचक, महाल

उत्तर : नाही. शाळांमधल्या संगणक साक्षरतेच्या ‘क्लास’ प्रकल्पात १९८४ पासून ही मशीनं देशभर गेली. त्यांचं नेहमीचं दुखणं म्हणजे पॉवर सप्लायमधले रिफा कंपनीचे दोन कॅपॅसिटर. पिवळट पारदर्शक कवचाला तडे जातात, तड्यांतून दमट हवा शिरते, आणि चालू केल्यावर दहा मिनिटांत घरभर जळका धूर. मशीन सहसा वाचतं, पण पडद्यांचा वास आठवडाभर जात नाही.

प्लग काढून सप्लाय उघडा. मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असू शकतात, म्हणून आधी मीटर लावा, उरलेला भार १० किलो-ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून काही सेकंद उतरवा, पुन्हा मोजा. रिफाच्या जागी ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे, २७५ व्होल्ट एसीचे, एक्स२ वर्गाचे पॉलिप्रॉपिलीन कॅपॅसिटर लावा. सीताबर्डीच्या बाजारात मागताना ‘एक्स२’ हा शब्द नक्की उच्चारा. साधा ४०० व्होल्टचा कॅपॅसिटर दिसायला सारखाच असतो, पण सतत मेन्सवर राहण्यासाठी बनवलेला नसतो. दोन पायांतलं अंतर आधी मोजून न्या.

नंतर चालू केल्यावर कानाने तपासा. खालचा लांब सूर आणि मग वरची छोटी ‘बीप’ आली तर मशीन जागं झालं. नुसता खालचा सूर चालूच राहिला तर प्रोसेसर किंवा रॉम अडलाय. काहीच आवाज नाही, तर बोर्डावर ५ व्होल्ट पोहोचतात का ते पाहा.

प्रश्न : मशीन कूलरच्या खोलीत ठेवलेलं चालतं का? आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात भिजलेला एक बोर्ड तसाच ठेवलाय, त्याचं काय?
– वाचक, अंबाझरी परिसर

उत्तर : कूलरच्या झोतात नको. ओल्या हवेने सॉकेटमधले पाय काळे पडतात आणि बोअरच्या पाण्याचे क्षार धुळीसोबत बोर्डावर बसतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, वर सुती कापड टाकून चालेल. प्लास्टिकचं घट्ट कव्हर नको, आत दमटपणा कोंडतो.

पुरातल्या बोर्डाला अजून वीज लावली नसेल तर आशा आहे. सॉकेटमधल्या चिपा सपाट पट्टीने दोन्ही टोकांनी आळीपाळीने उचला. गंजलेले पाय एका बाजूने ओढले की तुटतात. बोर्ड डिस्टिल्ड पाण्यात, म्हणजे पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं त्यात, मऊ टूथब्रशने धुवा. नळाचं पाणी नको. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा आणि सावलीत पंख्याखाली दोन दिवस ठेवा. हिरवे डाग फायबरच्या पेन्सिलीने घासून तांबं उघडं पडतं का पाहा, आणि पट्टा तुटला असेल तिथे बारीक तार टाका. भिजलेला अडॅप्टर मात्र वाळवत बसू नका, टाकून द्या.