खतात सापडलेला रोव्ह बीटल नवीन प्रजाती आहे की नाही, हे कसं ठरवतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की चिपळूणला घरामागच्या शेणखताच्या ढिगात चारेक मिलिमीटरचा काळपट लांबुळका किडा सापडला, डिवचला की शेपूट वर करून पळतो, मोबाईलच्या ॲपला ओळखता आला नाही, तर ही नवीन प्रजाती असेल का आणि असली तर आईचं नाव देता येईल का. मी हौस म्हणून बरीच वर्षं याच किड्यांच्या मागे आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी वाईट बातमी. खतात सापडलाय म्हटल्यावर नवीन असायची शक्यता कमीच. शेण, कंपोस्ट, कुजका भाजीपाला यात राहणारे रोव्ह बीटल चांगले उडतात आणि माणसाच्या मालाबरोबर, गुराढोरांबरोबर जगभर फिरलेत, त्यातल्या बऱ्याच जणांना शे-दीडशे वर्षांपूर्वीच कुणीतरी युरोपात बसून नाव देऊन ठेवलंय. हाच किडा तुम्हाला सह्याद्रीत वरच्या जंगलात, ओल्या पालापाचोळ्यात मिळाला असता आणि त्याचे मागचे पंख झडून नावापुरते उरलेले असते तर मी खुर्चीत सरसावून बसलो असतो. ज्याला उडता येत नाही तो एका डोंगरावरून दुसऱ्यावर जात नाही, त्यामुळे प्रत्येक डोंगराची आपली वेगळी प्रजाती असू शकते.

ॲपचं म्हणाल तर ते सोडून द्या. ज्या प्रजातींचे भरपूर फोटो त्याला शिकवलेत तेवढंच त्याला कळतं. स्टॅफिलिनिडी म्हणजे रोव्ह बीटलची फॅमिली, म्हणजे कूळ (त्याचे पोटगट त्या सबफॅमिली), यात आजवर 60 हजारांच्या वर प्रजातींना नावं मिळालीत, आणि त्यातल्या बहुतेकांचा जिवंतपणीचा एकही फोटो कुठे नाही. ॲपला ओळखता आलं नाही याचा अर्थ फक्त ॲपला ओळखता आलं नाही.

आता खरा मुद्दा. नवीन प्रजाती ‘सापडते’ असं पेपरात छापतात पण तसं काही नसतं, किडा सापडतो, नवीन आहे हे नंतर सिद्ध करावं लागतं आणि सिद्ध करायचं म्हणजे आधी नाव दिलेल्यांपैकी हा एकही नाही हे दाखवायचं. सगळा वेळ त्यातच जातो.

सुरुवात मायक्रोस्कोपखाली. पुढचे पंख आखूड, जाकीट घातल्यासारखे, आणि पोट उघडं, एवढ्यावर फॅमिली कळते. मग सबफॅमिलीसाठी पायाच्या टोकाचे सांधे मोजायचे, पुढच्या, मधल्या आणि मागच्या पायाला किती-किती, 5-5-5 का 4-4-5 का 3-3-3. मिशा डोक्याला नेमक्या कुठून फुटतात ते बघायचं. रंगावर अजिबात जायचं नाही, कोशातून नुकताच बाहेर आलेला भुंगेरा फिकट तांबूस असतो आणि नंतर काळा पडतो, तो काही वेगळा नव्हे. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज ॲलिओकॅरिनी किंवा ऑक्सिटेलिनी या सबफॅमिलीचा, पण फोटोवरून त्यापुढे जाणं म्हणजे थापा.

प्रजातीपर्यंत जायचं तर नर लागतो. या किड्यांमध्ये बाहेरून दोन प्रजाती हुबेहूब सारख्या दिसतात आणि फरक असतो नराच्या जननेंद्रियात. त्याला एडिॲगस म्हणतात. वाळलेला किडा गरम पाण्यात मऊ करायचा, मग बारीक चिमट्याने पोटाची शेवटची वळी हळूच ओढून एडिॲगस बाहेर काढायचा, कॉस्टिक पोटॅशच्या पातळ द्रावणात ठेवून मांसल भाग विरघळू द्यायचा आणि उरलेलं ग्लिसरीनमध्ये ठेवून बघायचं. चार मिलिमीटरच्या किड्यात ही गोष्ट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, पंखा चालू असला तर गेलीच म्हणून समजा, शोधून सापडत नाही. बाजूने आणि खालून दोन्हीकडून चित्र काढायचं, टोक आकड्यासारखं वळलंय का, आतल्या पिशवीत काटे आहेत का, सगळं. ॲलिओकॅरिनीत मादीचीही मदत होते, तिच्या पोटात वीर्य साठवायची एक कडक नळी असते तिचा आकार प्रजातीगणिक वेगळा असतो.

हे झालं की जुनी कागदपत्रं. भारतापुरती सुरुवात माल्कम कॅमेरॉनपासून होते, हा ब्रिटिश नौदलातला सर्जन, याने 1930 ते 1939 मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेत रोव्ह बीटलचे खंड लिहिले. एकेक लक्षण बघत प्रजाती ओळखायचे तक्ते त्यात आहेत, पण त्याने एडिॲगसकडे फारसं बघितलेलंच नाही, त्यामुळे त्याचं वर्णन तुमच्या किड्याला जुळलं तरी तो तोच याची खात्री नाही आणि नाही जुळलं तरी वेगळाच याचीही नाही. मग मूळ नमुना बघावा लागतो, म्हणजे ज्या एका किड्यावरून ते नाव दिलं तो किडा. कॅमेरॉनचे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये. फोव्हेल या जुन्या फ्रेंच अभ्यासकाचे ब्रुसेल्सला. बर्नहाउअर नावाचा ऑस्ट्रियातला एक नोटरी होता, ऑफिस सांभाळून त्याने पाच हजारांवर प्रजातींना नावं दिली, त्याचा संग्रह शिकागोला. आपल्या अंगणातला किडा ओळखायला तीन देशांत पत्रव्यवहार, असा सगळा प्रकार.

आणि हे नाही केलं तर काय होतं, तर तुम्ही थाटात नाव देता आणि पुढे कुणीतरी दाखवून देतो की हे 1859 मध्येच झालंय, मग जुनं नाव चालतं आणि तुमचं नाव सिनॉनिम म्हणून, म्हणजे त्याच किड्याचं बाद झालेलं दुसरं नाव म्हणून, यादीत पडून राहतं.

उलटंही होतं बरं का, नमुना पेटीत पडून असतो आणि कुणी बघत नाही. सगळ्यात भारी उदाहरण डार्विनचं. बीगल जहाजाच्या सफरीत 1832 मध्ये अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांकाला त्याने एक रोव्ह बीटल धरला, तो लंडनच्या म्युझियममध्ये पोचला आणि तिथे नाव न देता पडून राहिला. स्टायलियानोस चॅट्झिमॅनोलिस या अमेरिकेतल्या अभ्यासकाने अभ्यासाला मागवलेल्या नमुन्यांत तो निघाला, कुठल्याच जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटात, बसेना म्हणून नवीन जीनस केली आणि 12 फेब्रुवारी 2014 ला, म्हणजे डार्विनच्या वाढदिवशी, नाव छापलं, डार्विनिलस सेडारिसी. सेडारिसी का, तर नमुने तयार करताना तो डेव्हिड सेडारिस या लेखकाचं ऑडिओबुक ऐकत होता. जगात याचे दोनच नमुने माहीत होते, दुसरा बर्लिनच्या म्युझियममध्ये, आणि तिकडे आता बरीचशी शेतजमीन झालीय, त्यामुळे तो किडा अजून जिवंत आहे का हा प्रश्नच आहे.

यावरून तुमच्या आईच्या नावाचंही उत्तर मिळालं. देता येतं, नियमात बसतं. पुरुषाचं नाव असेल तर शेवटी ‘आय’ लावतात, बाईचं असेल तर ‘एई’. स्वतःचंच नाव देऊ नये, बंदी नाही पण लोक हसतात. नाव नियतकालिकात छापून यावं लागतं, फेसबुकवर टाकून होत नाही, फक्त ऑनलाइन निघणारं नियतकालिक असेल तर झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणीही लागते, आणि 1999 नंतरच्या नव्या नावासाठी मूळ नमुना, सहसा एकच, त्याला होलोटाइप म्हणतात, पेपरात स्पष्ट सांगावा लागतो. त्याला लाल लेबल लावतात. आपल्याकडे जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे नवीन प्रजातीची माहिती आणि नमुना सरकारने ठरवलेल्या संस्थेकडे द्यावा लागतो, तुम्हाला जवळचं म्हणजे पुण्यात आकुर्डीला झेडएसआयचं, म्हणजे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं, केंद्र आहे. अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

डीएनएबद्दल कुणीतरी कमेंट करेलच म्हणून सांगतो, बारकोडिंग, म्हणजे डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचून डेटाबेसशी जुळवणं, ते करा, उपयोग होतो, विशेषतः नर-मादी जुळवायला. पण तुलनेसाठी डेटाबेसमध्ये आपल्याकडचे नमुने असायला हवेत ना, ते फारच थोडे आहेत, त्यामुळे मशीन ‘जुळत नाही’ म्हणालं तर तुम्ही परत ॲपच्याच जागी आलात.

तूर्त एवढं करा. मेलेला किडा अल्कोहोलमध्ये ठेवा, बाटलीच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका, गाव, तारीख, कशात मिळाला, कुणी धरला. पेनने नको, शाई विरघळते. एकावर थांबू नका, आठ-दहा गोळा करा म्हणजे त्यात नर असतील. नारिंगी छाती आणि निळसर आखूड पंखवाला दिसला तर मात्र अंगावर चिरडू नका, तो पीडरस नावाचा रोव्ह बीटल, फोड येतात. आणि फोटो पुन्हा टाकणार असाल तर वरून नको, खालून टाका, पायाची टोकं स्पष्ट दिसतील असा, म्हणजे निदान सांधे मोजून सबफॅमिली तरी सांगतो.