काँक्रीटच्या ताकदीसाठी शून्य परिकल्पना कशी मांडावी?

प्रश्न: एम२५ काँक्रीटचे (२८ दिवसांना २५ न्यूटन प्रति चौरस मिमी ताकदीचं काँक्रीट) क्यूब, म्हणजे फोडून ताकद बघायचे ठोकळे, तपासायचे आहेत. शून्य परिकल्पना (पुरावा मिळेपर्यंत खरं धरायचं विधान) 'सरासरी ताकद २५ किंवा कमी' आणि पर्यायी '२५ पेक्षा जास्त' अशी मांडली तर चालेल का?

दिशा बरोबर आहे. माल कमजोर आहे असं धरायचं आणि तो तसा नाही हे क्यूबनी सिद्ध करायचं. उलटं मांडलंत तर जो कमी क्यूब फोडेल त्याचंच फावतं. पण २५ हा आकडा सरासरीला लावू नका. याच एका चुकीवरून मी साइटवर भांडलोय.

सात मजली इमारतीवर क्वालिटीला होतो. तळमजल्याच्या कॉलमचे २८ दिवसांचे सहा निकाल आले: २३.८, २४.३, २९.२, ३०.१, ३१.८, ३४.२. सरासरी २८.९, प्रमाण विचलन ४.१३. सल्लागारांकडच्या साहेबांनी अगदी तुमचीच परिकल्पना घेतली. टी-टेस्ट (सरासरी २५ पेक्षा खरंच जास्त आहे का हे बघणारी चाचणी) केली. टी आला २.३१, पाच टक्के पातळीला हवा होता २.०१५. 'पास' लिहून सही केली. मी म्हटलं, साहेब, एम२५ म्हणजे शंभरात पाचाहून जास्त निकाल २५ खाली जायला नकोत. ती पाच टक्क्यांची सीमा काढायला २८.९ मधून १.६५ गुणिले ४.१३ वजा करा, जेमतेम २२.१ उरतात. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, एम२५ ला विचलन ४ धरायला सांगतं, म्हणून मिक्स डिझाइनची (मिश्रणाचं प्रमाण ठरवतानाची) सरासरी २५ अधिक १.६५ गुणिले ४, म्हणजे ३१.६ ठेवतात. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला टी-टेस्ट कळते का? गणिताने पास झालंय." पुढच्या आठवड्यात वरचा स्लॅब ओतलाही गेला.

चार महिन्यांनी कॉलममधून कोअर (कापून काढलेले काँक्रीटचे नमुने) काढावे लागले. तीनपैकी एक १७.८, म्हणजे २५ च्या ७५ टक्क्यांच्याही खाली. कॉलमना जॅकेटिंग (भोवती मजबुतीचं आवरण) करावं लागलं. साहेबांनी खापर क्युअरिंगवर फोडलं. कॉलमवर पाणी कमी मारलं गेलं असेलही, पण क्यूब तर २८ दिवस टाकीत बुडालेले होते. तरी सहापैकी दोन निकाल २५ च्या आत का आले, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

तेव्हा परिकल्पना सरासरीवर नको, जिच्याखाली फक्त पाच टक्के निकाल जातात त्या ताकदीवर मांडा: 'ती २५ पेक्षा कमी आहे' ही शून्य परिकल्पना. सहाच निकाल असतील तर १.६५ सुद्धा सवलतच ठरते, गुणक त्याहून बराच मोठा लागतो. एका सॅम्पलचे तीन क्यूब हा एकच निकाल धरायचा. आणि हो, साइटवर माल स्वीकारायचा तो आयएस ४५६ च्या निकषांवर, टी-टेस्टवर नाही. तुमचं काम कॉलेजच्या प्रोजेक्टचं असेल तर टी-टेस्ट जरूर करा, पण एकूण निकालांपैकी किती २५ च्या आत आले हे रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिहा. आमच्या रिपोर्टात ते कुठेच नव्हतं.