खाली थेंब नाही, मग कूलंट जातं कुठे?

वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

प्रश्न : राम राम भाऊ. माझ्याकडे वडिलांची 2006 ची छोटी पेट्रोल गाडी आहे. रोजचं पारोळा ते अमळनेर जाणं-येणं, लांब क्वचितच. होळी झाल्यापासून कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली आठ-दहा दिवसांत फुलवरून लोवर येतेय, पण गाडीखाली थेंब म्हणून दिसत नाही, अंगणात फरशी आहे तरी. एका मेकॅनिकने होज पाईप बदलले, काही फरक नाही. आता तो म्हणतो वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) बदलू, दुसरा म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलंय, इंजिन खोलावं लागेल. मध्ये चाळीसगावहून कन्नड घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला होता तेव्हापासून घरचे म्हणतात विकून टाका. काय करू आते?
— एक शिक्षक, पारोळा

उत्तर : सर, विकू नका आणि वॉटर बॉडीही बदलू नका, अजून तरी. दोघं मेकॅनिक खरं बोलत असतील, पण लीकेज दोघांपैकी कोणी बघितलेलं नाही, दोघांनी अंदाज केलाय आणि त्या अंदाजाचे पैसे तुम्ही भरताय. एवढ्या जुन्या गाडीत पाणी जायच्या दहा-बारा जागा असतात, एकेक पार्ट बदलत बसलं की बिल वाढत जातं आणि लीकेज जिथल्या तिथं.

थेंब का दिसत नाही ते आधी सांगतो. बरेचदा गळतं ते गाडी गरम असताना, आतल्या दाबाने, आणि जे बाहेर येतं ते गरम इंजिनावर पडून तिथंच वाळतं. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे, 44-45 डिग्री, पाण्याचा भाग उडून जायला वेळ लागत नाही. पण कूलंटचा रंग आणि चिकटपणा मागे राहतो. म्हणून थेंब शोधू नका, डाग शोधा. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी, इंजिन पूर्ण गार असताना बोनट उघडा, मोबाईलचा टॉर्च घ्या आणि वाळलेला हिरवा, गुलाबी नाहीतर पांढरा थर कुठं धरलाय ते बघा. पांढरा थर तर आपल्याकडे हमखास, कारण निम्म्या गाड्यांमध्ये कूलंटच्या नावाखाली बोअरचं जड पाणी भरलेलं असतं, बादलीला जसा थर धरतो तसाच इथं धरतो.

पहिल्यांदा रेडिएटरच्या दोन्ही टोकांना बघा. मधली जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि टोकाच्या टाक्या प्लास्टिकच्या, दोघांच्या मध्ये रबरी पट्टी दाबून बसवलेली असते, इतक्या वर्षांत ती कडक होते आणि त्या सांध्यातून बारीक पाझर लागतो. खालचे कोपरे मुद्दाम बघा. मग होज जिथं क्लिपने आवळलेत ती जागा, होज नवीन आहेत म्हणून ती सोडू नका, नवीन होजवर जुनी गंजलेली क्लिप लावायची सवय बऱ्याच जणांना आहे. मग वॉटर बॉडी. तिच्या खालच्या अंगाला एक छोटं भोक असतं, ते बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर यावं म्हणून. तिथून ओघळ आलेला दिसला तर तुमचा पहिला मेकॅनिक बरोबर, बदला. काही गाड्यांत ती टायमिंग बेल्टच्या कव्हरमागे असते, तेव्हा कव्हर काढून बघायला सांगा, न बघता बदलू देऊ नका. आणि इंजिनच्या ब्लॉकला बाजूने पत्र्याच्या गोल टिकल्या ठोकून बसवलेल्या असतात, वर्षानुवर्षं साधं पाणी वापरलं की त्या आतून गंजतात, तिथंही एक नजर टाका.

आता जी जागा आपल्या खान्देशात कोणालाच आठवत नाही ती म्हणजे हीटर. डिसेंबर-जानेवारीतल्या चार गार सकाळी सोडल्या तर आपण हीटरला हात लावत नाही, वर्षभर नॉब निळ्यावर. पण डॅशबोर्डच्या आत हीटरचा एक छोटा रेडिएटर असतो आणि कूलंट तिथंही जातं, बऱ्याच जुन्या गाड्यांत तर नॉब निळ्यावर असला की व्हॉल्व्ह बंद आणि तेच पाणी आत सडत पडलेलं. तो गळला की जमिनीवर थेंब येणारच नाही, पाणी गाडीच्या आत, कार्पेटखाली. पुढच्या सीटच्या पायाशी कार्पेट उचलून खाली हात लावा. चिकट लागलं, गोडसर वास आला, समोरच्या काचेवर आतून तेलकट धूर बसल्यासारखं दिसत असेल तर तोच. नुसतं ओलं असेल, वास नाही, चिकट नाही, तर एसीच्या पाण्याची नळी चोंदलीय, ते वेगळं दुखणं आहे आणि स्वस्तातलं आहे. चाखून मात्र बघू नका, कूलंट गोड असतं पण विष आहे.

एवढं करूनही सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट करून घ्या. खरं म्हणजे मेकॅनिकने हीच आधी करायला हवी होती. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप बसतो, त्याला मीटर असतं, इंजिन गार, रेडिएटर पूर्ण भरलेला, आणि झाकणावर जेवढा आकडा छापलाय तेवढाच दाब द्यायचा. 0.9 लिहिलं असेल तर 0.9 बार, म्हणजे साधारण 13 पीएसआय, जास्त मारला तर चांगल्या जागाही फुटतील. मग पंधरा मिनिटं काटा बघत थांबायचं. इंजिन गार असल्यामुळे आता गळालेलं वाळत नाही, जिथून येतंय तिथून दिसतं. हीटरचा नॉब तेव्हा फुल गरमवर ठेवायला सांगा म्हणजे तोही तपासला जाईल. काटा खाली आला पण बाहेर कुठंच ओल नाही, कार्पेटही कोरडं, तेव्हा गॅस्केटचा संशय घ्यायचा. दाब तसाच ठेवून स्पार्क प्लग काढायचे, एखादा ओला निघाला किंवा नुसता सेल्फ मारल्यावर त्या भोकातून तुषार उडाले की विषय संपला. आणखी एक टेस्ट आहे, रेडिएटरच्या तोंडावर निळं लिक्विड भरलेली नळी धरतात आणि इंजिन चालू ठेवतात, जळालेला गॅस पाण्यात येत असेल तर ते लिक्विड पिवळं पडतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, गरम इंजिनच्या सायलेन्सरमधून सतत गोड वासाचा पांढरा धूर, ही लक्षणं नसतानाही गॅस्केट गेलेलं असू शकतं, पण टेस्ट न करता इंजिन खोलायला होकार देऊ नका.

झाकणाचं राहिलंच, आणि मला विचाराल तर तुमच्या केसमध्ये माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे. ते झाकण म्हणजे कुकरची शिट्टी समजा. साधं पाणी 100 डिग्रीला उकळतं, त्यावर 0.9 चा दाब बसला की 118 च्या आसपास, आणि निम्मं कूलंट असेल तर त्याहून वर. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली की दाब धरत नाही, घाटात इंजिनवर लोड आला की पाणी लवकर उकळतं, बाटलीत ढकललं जातं आणि बाटलीच्या ओव्हरफ्लोमधून रस्त्यावर. लीकेज कुठंच नाही तरी पाणी कमी. त्याच झाकणात उलट्या दिशेचा एक छोटा व्हॉल्व्हही असतो, गाडी गार होताना बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढून घ्यायला. तो अडकला की बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, म्हणजे बाटली बघून आपण निवांत आणि आत ठणठणाट! सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसला तर हेच समजा. झाकण स्वस्त मिळतं, त्याच आकड्याचं आणा, आणि गार गाडीतच उघडा, गरम असताना अजिबात नाही, उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं.

दुरुस्ती झाली की हवा काढायला विसरू नका. गाडीचं तोंड चढावर, झाकण उघडं, हीटर फुल, गार इंजिन सुरू करून हळूहळू भरत जायचं. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) 82-88 डिग्रीला उघडतो, तेव्हा पातळी एकदम खाली जाते, तिथं परत भरा, बुडबुडे थांबले की झाकण लावा. भरताना कूलंट आणि बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, नाहीतर तयार मिक्स. बोअरचं पाणी फक्त अडचणीच्या वेळी, तेही नंतर काढून टाकायचं.

प्रश्न : भाऊ, आमच्या गावात एक जण सांगतो की रेडिएटर गळत असेल तर हळद टाका, लगेच बंद होतं. खरं का?
— एक वाचक, रावेर

उत्तर : बारीक भोक असेल तर कधी कधी बंद होतं, खोटं नाही. पण तांब्या-पितळेच्या रेडिएटरचे दिवस वेगळे होते, तेव्हा गळालं की डाग मारून (सोल्डर करून) घ्यायचे, आतून साफ करून घ्यायचे. आताच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या अगदी अरुंद, हळद भोकात बसते तशी त्या नळ्यांतही बसते आणि हीटरमध्येही. मग लीकेज थांबतं आणि गाडी गरम व्हायला लागते. बाजारातल्या लीकेज बंद करायच्या पावडरचंही थोडंफार हेच. बिजासन घाटात रात्री अडकलात आणि दुसरा इलाज नाही तर टाका चिमूटभर, पण शिरपूरला पोचल्यावर सगळं पाणी काढून धुऊन घ्या.

प्रश्न : घाटात काटा लाल रेषेकडे जायला लागला तर नेमकं काय करायचं? मिस्टर म्हणतात गाडी लगेच बंद करायची, दीर म्हणतात बंद करायची नाही.
— एक वाचक, साक्री

उत्तर : ताई, आधी एसी बंद, मग हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल, मे महिन्यात शिव्या घालाल पण इंजिनची उष्णता त्याने खरंच बाहेर पडते. तरीही काटा चढतच राहिला तर सुरक्षित जागा बघून थांबा. पाणी आहे, वाफ नाही, फॅन फिरतोय, तर मिनिटभर आयडलवर चालू ठेवून काटा उतरतो का बघा, तेवढ्यापुरतं दीर बरोबर. वाफ येतेय किंवा काटा लाललाच टेकलाय, तर लगेच बंद, मिस्टर बरोबर. नंतर अर्धा-पाऊण तास झाकणाला हात नाही आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो आणि मग गाडी टो करूनच न्यावी लागते.