नॉर्वेजियन मुख्य वाक्यात ‘आज’ पुढे आणले की कर्ता क्रियापदानंतर का जातो?

आपण विचारले आहे की, ‘याइ लेसेर बूका इ दाग’ (मी आज ते पुस्तक वाचतो) हे वाक्य बरोबर असताना ‘इ दाग’ म्हणजे ‘आज’ हा भाग आरंभी आणून लिहिलेले ‘इ दाग याइ लेसेर बूका’ चुकीचे का ठरते, आणि तेथे ‘इ दाग लेसेर याइ बूका’ असेच का लिहावे लागते. माझ्या मते ही अडचण नियमाच्या मांडणीमुळे निर्माण होते. ‘आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म, आणि काही वेळा उलटापालट’ असे शिकवले जाते, त्यामुळे कर्ता हलल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात विधानवाक्यात दुसरी जागा क्रियापदाची ठरलेली असते आणि पहिल्या जागी कोणताही एकच घटक बसू शकतो. तो घटक कर्ता नसेल, तर कर्त्याला क्रियापदानंतरची जागा घ्यावी लागते. म्हणूनच ‘बूका लेसेर याइ इ दाग’ हेही शुद्ध वाक्य आहे. ‘ते पुस्तक मी आज वाचतो’ असे आपण मराठीत ज्या हेतूने म्हणतो, त्याच हेतूने नॉर्वेजियन माणूस ते वापरतो.

येथे मोजायचे असतात ते घटक, शब्द नव्हेत. ‘नोर याइ कोमेर येम’ (मी घरी येतो तेव्हा) हे चार शब्दांचे अख्खे गौण वाक्य आरंभी आले, तरी तो एकच घटक होतो आणि पुढे लगेच क्रियापद येते: ‘नोर याइ कोमेर येम, लेसेर याइ बूका’. स्वल्पविरामानंतर थेट क्रियापद पाहून आपल्याला चुकल्यासारखे वाटते, पण नियमाच्या दृष्टीने ते दुसऱ्याच जागी आहे. याउलट ‘ओ’ (आणि), ‘मेन’ (पण) आणि ‘फोर’ (कारण) ही उभयान्वयी अव्यये मोजणीत धरली जात नाहीत, म्हणून ‘मेन याइ लेसेर बूका’ असाच सरळ क्रम राहतो.

दुसरी जागा मिळते ती काळ दाखवणाऱ्या क्रियापदाला. ‘मी आज ते पुस्तक वाचले आहे’ म्हणताना ‘हार’ हे साहाय्यक क्रियापद दुसरे येते आणि ‘लेस्त’ हे रूप कर्त्यानंतर राहते: ‘इ दाग हार याइ लेस्त बूका’. जर्मनमध्येही मुख्य वाक्यात काळदर्शक क्रियापद दुसरेच असते, पण तेथे ‘वाचले’ या अर्थाचे रूप वाक्याच्या शेवटी, कर्मानंतर जाते. नॉर्वेजियनमध्ये ते कर्माच्या आधी येते, त्यामुळे जर्मन शिकलेल्यांनी येथे विशेष जपावे.

हा नियम इतका कडक का, याचे एक कारण वाक्याच्या प्रकारात आहे. मराठीत प्रश्न करायला ‘का’ जोडता येतो. नॉर्वेजियनमध्ये पहिली जागा रिकामी ठेवली की क्रियापद आरंभी येते आणि होय-नाही प्रकारचा प्रश्न तयार होतो: ‘लेसेर दू बूका?’ म्हणजे ‘तू ते पुस्तक वाचतोस का?’. म्हणूनच विधानात पहिली जागा सहसा मोकळी सोडत नाहीत. सांगण्यासारखा कर्ताच नसेल, तर ‘दे’ हा अर्थहीन शब्द तेथे बसवतात. ‘दे राइनेर’ म्हणजे ‘पाऊस पडतो आहे’, आणि ‘राइनेर दे?’ म्हणजे ‘पाऊस पडतो आहे का?’. डॅनिश भाषावैज्ञानिक पॉल दीदरिक्सेन यांनी १९४६ सालच्या आपल्या व्याकरणात वाक्याचे असे ठरावीक जागांचे कोष्टक मांडले, आणि नॉर्वेजियन वाक्यरचना समजावतानाही ते वापरले जाते. आपण स्वतः दहा-पंधरा वाक्ये अशा रकान्यांत लिहून पाहावीत. नियम पाठ करण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

मराठी भाषकांची ही चूक मराठीतून येते असे मला वाटत नाही. मराठीत क्रियापद सहसा शेवटी असले, तरी महत्त्वाचा घटक आरंभी आणण्याची सवय आपल्याला पुरेपूर असते. ‘इ दाग याइ लेसेर’ हा क्रम बहुधा इंग्रजीतून येतो, कारण तेथे ‘आज’ आरंभी आले तरी कर्ता क्रियापदाच्या आधीच राहतो. आणि हा प्रकार आपल्याकडे अगदीच अनोळखी आहे असेही नाही: हिंदी-मराठीच्या नात्यातल्या काश्मिरी भाषेतही मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येते.

मुख्य वाक्य ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे ‘इक्के’ (नाही) हा शब्द. मुख्य वाक्यात तो काळदर्शक क्रियापदानंतर येतो, गौण वाक्यात त्याच्या आधी. ‘फोर’ आणि ‘फोर्दी’ या दोहोंचा अर्थ ‘कारण’ असाच आहे, पण पहिल्यानंतर मुख्य वाक्य येते, ‘फोर याइ लेसेर इक्के बूका’, आणि दुसऱ्यानंतर गौण, ‘फोर्दी याइ इक्के लेसेर बूका’. कर्माच्या जागी सर्वनाम आले, तर बलाघात नसलेले ते सर्वनाम ‘इक्के’च्या आधी सरकते: ‘याइ लेसेर देन इक्के’ (मी ते वाचत नाही). आरंभी एवढा बारकावा जमला नाही तरी चालेल. क्रियापदाची जागा मात्र चुकवू नये.

अपवाद ऐकू येतील, त्यांनी गोंधळू नये. ‘कान्शे’ (कदाचित) आरंभी आल्यावर कर्ता क्रियापदाच्या आधी राहू शकतो. त्रोम्सोसारख्या उत्तरेकडील बोलींत ‘का दू सा?’ (तू काय म्हणालास?) असा प्रश्न सर्रास विचारला जातो, प्रमाण लेखनात मात्र ‘वा सा दू?’ असेच लिहितात. ऑस्लोतील बहुभाषिक वस्त्यांमधील तरुणांच्या बोलण्यात तर आपण लिहिलेला ‘इ दाग याइ…’ हा क्रमही आढळतो, पण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तो चूकच धरला जाईल.